विमानतळाजवळची जमीन : आभाळाचाही उतारा बघा



आमच्या एका सोयऱ्यांनी लोहगावच्या बाजूला प्लॉट घेतला. ऊसबिलाचे चार वर्षांचे पैसे त्यात घातले. सातबारा चोख, बिगरशेतीचा हुकूम हातात. बांधकामाचा अर्ज दिला तेव्हा उंचीचे ना हरकत पत्र मागितले गेले. पाव्हणे तणतणत आले, "जमीन माझी, मग वरचं आभाळ कुणाचं?" विकणाऱ्याने याबद्दल अवाक्षर काढले नव्हते.

ही बंधने काही कालची नाहीत. १९३४ च्या विमान कायद्याने विमानतळापासून २० किलोमीटरपर्यंतची बांधकामे, एवढेच काय झाडेसुद्धा रोखण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला होता. त्या जागी आलेल्या २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमातही तो आहे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, म्हणून तिथे हवाई दलाचे ना हरकत लागते. आपले तळेगाव ढमढेरे सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या बाहेर पडते. पण वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा आत येतात, आणि पोरांसाठी तिकडे गुंठा-दोन गुंठे घेतलेले आपल्यात थोडे नाहीत.

यातली खरी मेख अशी, की ही उंची जमिनीपासून मोजत नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजतात. मोठ्या धावपट्टीभोवती साधारण चार किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीवर ४५ मीटर ही मर्यादा धरतात. विमानतळाची जमीन ५९० मीटरवर आहे असे धरा, म्हणजे माथा ६३५ ला थांबला पाहिजे. तुमचा प्लॉट माळावर ६१५ मीटरला असेल, तर तुमच्या वाट्याला २० मीटरच आले. त्यात पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि अँटेनाही मोजतात. धावपट्टीच्या तोंडासमोर तर याहून कडक. आपण मात्र माळाची जागा उंच, हवेशीर म्हणून चढ्या भावाने घेतो!

नियमाशी माझे भांडण नाही. विमानातही माणसेच बसलेली असतात. राग आहे तो लपवाछपवीचा. शिवाय बंदीच्या हुकमाने नुकसान झाले तर भरपाईची तरतूद आहे खरी, पण रकमेवर वाद झाला तर लवाद नेमणार केंद्र सरकारच. देणाराच पंच निवडणार, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट, विमानतळ येणार या आवईवर उसाची जमीन विकू नका. पुण्याचा नवा विमानतळ आधी खेड-चाकणकडे होणार होता. तिथे विरोध झाला आणि २०१६ मध्ये तो पुरंदरला जाहीर झाला. पारगाव मेमाणे, खानवडी, कुंभारवळण अशा सात गावांचे लोक तेव्हापासून टांगणीला लागले. २०२५ मध्ये मोजणीच्या वेळी तिथे लाठ्या चालल्या. अशा ठिकाणी भाव वाढतो तो दलालाचा, शेतकऱ्याला मिळते ती नोटीस.

माझे म्हणणे इतकेच, की वीस किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक गावच्या चावडीवर उंचीचा नकाशा मराठीत लावावा आणि गट नंबरवार किती मीटर चालते ते लिहावे. येत्या वार्षिक सभेत तसा ठराव मांडणार आहे. अनुमोदनाला कोणीतरी उभे राहा. आणि तोवर इसार देण्याआधी विकणाऱ्याकडून उंचीचा कागद मागून घ्या. नाही म्हणाला, तर चहा पिऊन परत या.

— एक ऊस उत्पादक सभासद, तळेगाव ढमढेरे