थोरल्या पातीचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाला नव्या वहीला हळदकुंकू वाहायचे आणि जुनी वही माळ्यावर टाकायची, ही आपली सोयीची रीत. यंदा आम्ही एक जुनी वही खाली काढली आहे. देवासची.

माळव्यातल्या देवासचे राजे म्हणजे धारच्या पवारांचे भाऊबंद. गाव एक, राज्ये दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. पाऊस तोच, माती तीच, टेकडीवरची देवीही तीच. तरी बुडाली ती थोरलीच. कर्ज गळ्याशी आले, इंग्रज सरकार हिशेबाच्या मागे लागले, तेव्हा १९३३च्या सुमारास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यात्रेला म्हणून दक्षिणेत उतरले आणि फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. १९३७ मध्ये तिथेच वारले.

१९२१ साली कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर त्यांचा खासगी चिटणीस होता. नवा वाडा पुरा होण्याआधीच ढासळू लागला होता. आत दोन पियानो, नवे कोरे, पण माळव्याच्या कोरड्या हवेने तडकलेले. पट्टी दाबली की ती तशीच अडकून बसे. कर्जाचा आकडा विचारण्याआधी आम्ही हे पियानो पाहू. विहिरीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता पिकातून जातो. पियानोतून काय जाणार?

गंमत अशी, की या महाराजांचा शिक्षक आणि पुढे जन्माचा मित्र झालेला माल्कम डार्लिंग, त्यानेच १९२५ मध्ये पंजाबच्या शेतकऱ्याच्या कर्जावर गाजलेला ग्रंथ लिहिला!

देशाचे कर्ज फिटेल का, हे पाहणारे तज्ज्ञही आधी व्याज आणि वाढ शेजारी मांडतात. व्याज ८ टक्के आणि उत्पन्नाची वाढ ५ टक्के असेल, तर बाकीच्या जमाखर्चाची तोंडमिळवणी होऊनही ओझे दरसाल वाढतेच. उलट असेल तर मोठे कर्जही पचते. मग प्रश्न येतो, फेड कोणत्या नाण्यात? श्रीलंकेला स्वतःचा रुपया छापता येत होता, पण देणे डॉलरचे होते. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबले. तुकोजीरावांच्या हाती तर रुपयाही इंग्रजांचाच. आज त्याच देवासला नोटांचा सरकारी छापखाना आहे. थोरल्या महाराजांना ही सोय झाली असती, तर तिसरा पियानो नक्की आला असता.

राहता राहिला आमच्या अंकाचा ताळेबंद. कागदवाल्याची गेल्या दिवाळीची उधारी श्रावणात फिटली, यंदाची आजपासून सुरू. व्याज ठरले आहे. खप ठरायचा आहे.