शुगर निघाली का?

बारावीनंतर सुटलेली सायकल यंदा, चौदा वर्षांनी, परत काढली. फिटनेससाठी नाही, सात रस्त्यावरून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला जायला. पहिल्याच आठवड्यात दोघांनी विचारलं, ‘काय बे, शुगर निघाली का?’ तिसऱ्यानं विचारलं, ‘गाडी विकलास का?’

म्हणजे सोलापुरात मोठ्या माणसानं सायकल चालवायची ती आजारपणानं, नाहीतर कडकीनं.

पहाटे घट्ट जर्सी घालून ४० किलोमीटर मारून आलेल्याच्या फोटोला आपण बदाम पाठवतो. त्याच रस्त्यानं हँडलला डबा अडकवून यंत्रमागावर निघालेल्याला मात्र हॉर्न. जीआय मानांकन मिळालेली चादर पाहुण्यांना कौतुकानं द्यायची, आणि ती विणणाऱ्यानं बाजूला सरकायचं! त्याला सायकलकडे ‘परतायचं’ नाहीच. तो कधी उतरलाच नव्हता.

‘इथलं ऊन बघ, हे काय हॉलंड आहे का?’ ऊन आहेच, मे महिन्यात ४२-४३. पण याच उन्हात गिरणी कामगार सायकलीवर पाळी गाठायचे. आणि हॉलंडही जन्मजात हॉलंड नव्हतं. गाड्यांखाली शेकडो मुलं मेली, तेव्हा १९७०च्या दशकात लोक रस्त्यावर उतरले, भांडले. मग सायकलींना वेगळी वाट मिळाली.

आपण कोणासाठी भांडणार? ज्याला हॉर्न मारतो त्याच्यासाठी? मीही चौदा वर्षं मारलाच की. परवा अशोक चौकात माझ्यामागे वाजला. वळून बघितलं: विशीतला पोरगा, एका हातात मोबाइल.

मी बाजूला झालो नाही.