यरुशलेमांतील एक किल्ली

यरुशलेमची यात्रा करून परत आल्यापासून आमचे स्नेही आम्हांस एकच प्रश्न विचारितात: कबर रिकामी आहे असें तुमचें शास्त्रच सांगतें, मग तेथें पाहावयास काय गेलां होतां? प्रश्न थट्टेचा खरा, पण वाजवी आहे.

पवित्र कबरेच्या मंदिरांत शिरतांच समोर एक शिळा लागते. प्रभूच्या देहास सुगंधी द्रव्यें येथें लाविलीं अशी परंपरा आहे. उजव्या हातास कालवरीचा उंच जिना. आमचें मन भरून यावयाचें, तें आलें नाहीं. धक्काबुक्की, मेणबत्त्यांचा धूर, आणि एकाची प्रार्थना दुसऱ्याच्या गायनांत बुडालेली! ग्रीक, रोमन, आर्मेनियन, कॉप्टिक, इथिओपियन व सिरियन अशा सहा मंडळ्यांचे येथें हक्क आहेत. (प्रॉटेस्टंटांचा मुळींच नाहीं, म्हणून आम्हांस नाक मुरडणें सोपें जातें.) त्यांच्या तंट्यांस कंटाळून तुर्की सुलतानानें १८५२ सालीं, जें जसें आहे तें तसेंच राहावें, असें फर्मान काढिलें. दारावरच्या खिडकीपाशीं एक लाकडी शिडी आहे. १७२८ च्या एका चित्रांतही तेथें शिडी दिसते. ती हलविण्याचा अधिकार कोणाचा हें ठरेना, म्हणून ती तेथेंच. हें ऐकून हसूं येतें. पण २००२ सालीं छपरावर एका कॉप्टिक साधूनें आपली खुर्ची उन्हांतून सावलींत सरकविली, तेवढ्यावरून मारामारी होऊन अकरा जणांस रुग्णालयांत न्यावें लागलें, हें कळल्यावर आमचें हसूं ओठांतच राहिलें.

आणि मंदिराची किल्ली? ती ख्रिस्ती मनुष्याच्या हातीं नाहींच. शतकानुशतकें एक मुसलमान घराणें ती सांभाळितें व दुसरें दार उघडितें. प्रथम आम्हांस लाज वाटली. मग आठवलें कीं, आमच्या गांवच्या मंडळींत घंटा कोणी वाजवावी ह्यावरून दोन घराणीं आज कित्येक वर्षें एका बाकावर बसत नाहींत. त्यांतलें एक आमचेंच. आम्हांस तर किल्ली सोंपविण्याइतकाही शहाणपणा सुचला नाहीं.

कबरेवरील लहान मंदिर १८०८ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेलें. भिंती फुगल्या तेव्हां १९४७ सालीं इंग्रजांनीं तें लोखंडी तुळयांनीं आवळून ठेविलें, आणि पुढें कित्येक वर्षें दुरुस्तीविषयीं एकमत होईना. अखेर २०१६ सालीं ग्रीक, रोमन व आर्मेनियन ह्यांनीं मिळून काम हातीं घेतलें. पुढल्या वर्षीं मार्चमध्यें तें पुरें झालें व तुळया निघाल्या. ह्या एका गोष्टीसाठींच, आमच्या मतें, आपल्या मुलांनीं हें स्थान पाहावें. सोन्याचे दिवे इतरत्रही आहेत.

आंत जावयाचें दार ठेंगणें. कोणीही असो, वांकावें लागतें. आंत संगमरवरी शिळा, आणि अर्ध्या मिनिटांत साधु बाहेर काढितो. त्या अर्ध्या मिनिटांत पाठ केलेली प्रार्थना आम्हांस आठवली नाहीं. घंटा आठवली.

सायंकाळीं अंगणांत थांबलों. दाराच्या झडपेंतून एक लहान शिडी बाहेर आली; मुसलमान द्वारपाळानें तिच्यावर चढून वरचें कुलूप लाविलें व शिडी पुन्हा आंत दिली. आंत निरनिराळ्या पंथांचे साधु एकाच छपराखालीं रात्र काढावयास राहिले होते.