भिंत सर्वांची, रंग घरमालकाचा

सदनिका विकत घेताना घरातील सर्व मंडळी मिळून तिची दिशा पाहतात, स्वयंपाकाचा ओटा पाहतात, खिडकीतून वारा किती येतो तेही पाहतात. घोषणापत्र आणि उपविधी यांची प्रत मात्र सही करण्यापुरती हाती येते आणि कपाटात जाते. ती पुन्हा बाहेर निघते ती बहुधा आग लागल्यावर, धरणीकंपानंतर किंवा पुराचे पाणी ओसरल्यावर. दुरुस्ती कशी करावयाची हे त्या वेळी स्थापत्यविशारद सांगू शकतो. ती कोणाच्या पैशाने करावयाची हे मात्र त्या विस्मृत कागदांनाच विचारावे लागते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर इमारतीच्या मालकीवर अवलंबून असते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत इमारतीची मालकी संस्थेकडे असते व सभासदाला भाग आणि राहण्याचा हक्क मिळतो. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालील इमारतीत, जिला लोक कंडोमिनियम म्हणतात, प्रत्येकजण आपल्या सदनिकेचा स्वतंत्र मालक असतो आणि जमीन, पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छप्पर, जिने, उद्वाहन, टाक्या व पंप यांत त्याचा ठराविक टक्के अविभक्त हिस्सा असतो. कर्नाटकाचा १९७२ चा कायदाही पुष्कळसा याच घडणीचा असल्यामुळे बेळगाव-बंगळूरकडील मराठी कुटुंबांनाही पुढील विवेचन परके वाटू नये.

संस्थांसाठी शासनाने आदर्श उपविधी तयार केलेले आहेत व त्यांतील दुरुस्तीची वाटणी बरीच स्पष्ट आहे. बाहेरच्या भिंती, गच्ची व तिचा कठडा, जिने, बाहेरील जलवाहिन्या, सांडपाण्याचे नळ, घरातील मुख्य बटणापर्यंतच्या विजेच्या तारा हे सर्व संस्थेने दुरुस्त करावयाचे. गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून सर्वांत वरच्या मजल्यावरील घराच्या छताचा गिलावा पडला, तर तोही संस्थेचाच खर्च. परंतु न्हाणीघर, शौचकूप किंवा ओट्याखालील मोरी गळून खालच्या बिऱ्हाडाचे छत भिजले, तर भार त्या वरच्या सभासदावर. शेजारधर्म टिकवण्यासाठी एवढा एक परिच्छेद जरी सर्वांनी वाचला, तरी पावसाळ्यातील निम्मी भांडणे मिटतील, असे मला नेहमी वाटते. यादीत जे नाही ते सारे सभासदाने स्वखर्चाने करावयाचे, हे शेवटचे वाक्य लहान आहे, पण फरशी, रंग, कपाटे ही सर्व त्यातच येतात.

विम्याच्या बाबतीत हेच उपविधी आग आणि भूकंप यांपासून इमारतीचा विमा उतरवणे संस्थेस बंधनकारक करतात आणि त्याचा हप्ता सदनिकेच्या बांधीव क्षेत्रफळाच्या प्रमाणात वसूल करावा असे सांगतात. भूकंपाचे नाव त्यात आहे हे अगत्याचे आहे. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. आपले गाव केंद्रापासून लांब आहे, हा भरवसा पुरेसा नव्हे.

कंडोमिनियमच्या कायद्याची भाषा निराळी आहे. घोषणापत्राने वा उपविधींनी तसे सांगितले असेल, बहुसंख्य मालकांनी मागणी केली असेल, किंवा सदनिकेवर कर्ज देणाऱ्या पहिल्या गहाणदाराने आग्रह धरला असेल, तर व्यवस्थापकाने वा व्यवस्थापक मंडळाने विमा उतरवलाच पाहिजे. यांपैकी काहीच नसेल तर? तर इमारत विम्यावाचून उभी राहू शकते. या 'तर'कडे वाचकांनी दुर्लक्ष करू नये. विमा उतरवला म्हणजे तो मंडळाच्या नावे, परंतु सर्व मालकांचा विश्वस्त या नात्याने असतो. हप्ता समाईक खर्चात धरला जातो. आणि आपल्या सदनिकेचा वेगळा विमा घेण्याचा प्रत्येकाचा हक्क अबाधित राहतो.

हा वेगळा विमा का हवा? समाईक विमा मुख्यतः इमारतीचा असतो. आपले सामान, आपण मागाहून बसवलेली संगमरवरी फरशी किंवा भिंतीतील कपाटे त्यात धरली आहेत असे गृहीत धरू नये. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याने ही सीमारेषा कायद्यातच आखली आहे. मूळ नकाशाप्रमाणे बांधलेली इमारत, घराच्या आतील भिंतीच्या पडद्यांसह, संघाच्या विम्यात येते. भिंत, जमीन व छत यांवरील आवरणे, दिवे, उपकरणे, पाणी तापविण्याचे यंत्र, बांधीव कपाटे, खिडक्यांचे पडदे हे मालकाचे. म्हणजे भिंत संघाने उभी करावयाची आणि रंग मालकाने द्यावयाचा. आपल्या कायद्यात इतकी बारीक आखणी नाही; म्हणून ती उपविधींत लिहून घेण्याचे काम सर्वसाधारण सभेचे आहे.

विम्याची रक्कम किती असावी याविषयीही गैरसमज आढळतो. विमा पुन्हा बांधणीच्या खर्चाचा असतो, बाजारभावाचा नव्हे; मुंबईत घराच्या किमतीचा मोठा वाटा जमिनीचा असतो आणि जमीन जळत नाही. परंतु हप्ता वाचवण्यासाठी रक्कम कमी ठेवणे महागात पडते. समजा, पुन्हा बांधण्यास ४ कोटी रुपये लागतील अशा इमारतीचा विमा २ कोटींचाच आहे आणि १ कोटीचे नुकसान झाले. विमापत्रात सरासरीचे कलम असेल, तर भरपाई निम्मी, म्हणजे ५० लाख मिळते. उरलेले ५० लाख सर्वांनी वर्गणीने उभारावयाचे. शिवाय आग, भूकंप, पूर यांची भरपाई मिळते. वर्षानुवर्षे गंजलेल्या सळ्यांची मिळत नाही. तो खर्च दुरुस्ती निधीचा.

कायद्यातील सर्वांत कठोर कलम मात्र मोठ्या विध्वंसाविषयीचे आहे. नुकसान झाल्यापासून ६० दिवसांच्या आत दुरुस्ती वा पुनर्बांधणी करण्याचे संघाने ठरवले नाही, तर संपूर्ण मालमत्ता सर्वांची समाईक समजली जाते आणि कोणीही एक मालक वाटणीचा दावा लावू शकतो. मग विक्रीचे पैसे आणि विम्याचे पैसे एकत्र करून हिस्स्याच्या टक्क्यांप्रमाणे वाटले जातात. ज्यांची बिऱ्हाडे नातलगांकडे पांगली आहेत, त्यांना साठ दिवसांत सभा भरवून एकमत करणे किती अवघड जाईल याची कल्पना करावी.

असे प्रसंग केवळ कागदावर राहत नाहीत. फ्लॉरिडातील सर्फसाइड येथे २४ जून २०२१ रोजी १३६ सदनिकांची बारा मजली इमारत अंशतः कोसळून ९८ माणसे मृत्यू पावली. मोठ्या दुरुस्तीसाठी मालकांवर दीड कोटी डॉलरची वर्गणी त्याच वर्षी बसवली गेली होती. पुढे तेथील जमीन १२ कोटी डॉलरना विकण्यात आली, आणि घर गेलेल्यांना किती व माणसे गेलेल्यांना किती द्यावे, यावर न्यायालयात वाद झाला.

आपल्याकडील त्या कलमात आणखी एक तरतूद आहे. सदनिकेवरील गहाणाचा बोजा घराबरोबर नाहीसा होत नाही. तो मालकाच्या अविभक्त हिस्स्यावर बसतो आणि वाटणीच्या पैशातून आधी तो फेडला जातो. उरेल ते कुटुंबाच्या हाती. हा हिस्सा किती टक्के, हे घोषणापत्रात छापलेले असते.