घरोबा

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपली, किल्ल्यावरचे मावळे खोक्यात गेले आणि शाळेची घंटा झाली. आता एक प्रश्न. या दिवाळीत तुमच्या घरून फराळाचे किती डबे बाहेर गेले आणि किती आत आले, मोजलंत का?

त्यातले काही डबे आत्याकडचे, मामाकडचे. ती झाली नात्यातली माणसं. पण काही डबे अशा घरांतून येतात, की 'ते तुमचे कोण?' असं कुणी विचारलं तर आपल्याला पटकन उत्तर देता येत नाही. आडनाव वेगळं, गाव वेगळं, कधी धर्मही वेगळा. तरी त्यांच्या घरी आपण चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात जातो! आपल्या मराठीत यासाठी एक छान शब्द आहे : घरोबा.

घरोब्याचा एक नियम तुमच्या आजीला पक्का ठाऊक असतो. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. गंमत बघा, आपली करंजी गोव्यात नेवरी होते. चवथीला तिथल्या हिंदू घरांतून ती ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जाते आणि नाताळात तिकडून दोदोल, बेबिंक येतं. पदार्थांची नावंसुद्धा अशीच घरोघर फिरलेली असतात. आपले शंकरपाळे म्हणजे फारसीतला 'शकरपारा'. आणि ईदचा शीरखुर्मा? 'शीर' म्हणजे दूध, 'खुर्मा' म्हणजे खजूर. तोही फारसीच.

पण डब्याच्या बदल्यात डबा, एवढाच का घरोबा? मुळीच नाही. ऐका.

2006 साली मी नववीत होते. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं आणि 25 ऑक्टोबरला रमजान ईद. म्हणजे ऐन दिवाळीत रोजे चालू. त्याच वर्षी पावसाळ्यात आमचे आजोबा गेले होते. घरात कुणी गेलं असलं, की त्या दिवाळीला पुष्कळ घरांत फराळ करत नाहीत, कढईच चढत नाही. शेजारीपाजारी आणि आप्तेष्ट फराळ आणून देतात. आजी तर महिनोन्महिने कुणाशी धड बोलतच नव्हती. खिडकीपाशी बसून असायची.

आमच्या समोरच्या घरात बाबांच्या दोस्ताचं कुटुंब राहायचं. आम्ही त्यांना चाचा-चाची म्हणायचो. त्या वर्षी चाचींनी ठरवलं, या घरचा फराळ मी करणार. त्यांनी भाजणी दळून आणली, पीठ मळलं, पहिली चकली तळली. पण चव कोण बघणार? त्यांचा तर रोजा! त्यांनी मुलाच्या हाती बशीतून ती चकली आजीकडे पाठवली. "अम्मीने विचारलंय, मीठ बरोबर आहे का?"

आजीनं तुकडा मोडला, तोंडात टाकला. म्हणाली, "कमी आहे रे." आणि थोडा वेळ थांबून चक्क उठली! पदर खोचून अंगण ओलांडून गेली आणि चाचींच्या शेजारी सोऱ्या घेऊन बसली. मोठं डबाभर चकल्या झाल्या तेव्हाच परत आली. त्या दुपारी आम्ही कितीतरी दिवसांनी तिचा मोठा आवाज ऐकला. "अगं, तेल तापू दे की नीट!"

चार दिवसांनी ईदचा चाँद दिसला. आमच्या घरी परतफेडीला गोडधोड काहीच नव्हतं. आजी तो रिकामा डबा धुऊनपुसून घेऊन गेली आणि रात्री उशिरापर्यंत चाचींकडे खारका चिरत, भिजलेल्या बदामांची सालं काढत बसली. सकाळी शीरखुर्म्याची पहिली वाटी आजीलाच आली.

आता सांगा, चाचींनी आजीला काय दिलं? चकल्या तर बाजारातही मिळतात. 'तुमच्यावाचून आमचं अडलंय' हे त्यांनी आजीला दाखवलं. आणि आजीनं आभाराचा एक शब्द न बोलता आपली अख्खी रात्र त्यांना दिली.

आपल्या माणसांत आभार कसले, असं मोठी माणसं म्हणतात. खरंय. पण म्हणून त्यांचे कष्ट आपल्या ध्यानात येऊ नयेत, असं थोडंच आहे? तेव्हा या आठवड्यात तीन कामं करा. घरात कुणाचा डबा राहिला असेल तर तो तुम्ही स्वतः जाऊन परत द्या. दारातून पळू नका, आत जाऊन दोन मिनिटं बसा. त्यातलं काय आवडलं, ते नाव घेऊन सांगा. "तुमच्या अनारशाला छान जाळी पडली होती" हे ऐकून काकूंचा चेहरा कसा खुलतो, बघाच! आणि तिसरं काम जरा अवघड. तुमच्या आळीत, तुमच्या इमारतीत असं कोण आहे, ज्यांच्याकडे एकही डबा गेला नाही? एकट्या राहणाऱ्या आजी, घरापासून लांब शिकायला आलेला दादा, रात्रपाळीचे वॉचमनकाका? शोधा आणि आईच्या कानावर घाला.

आई-बाबांनाही एक विनंती. डबा पोहोचवायला स्वतः जाऊ नका, मुलांना पाठवा. थोडा चिवडा वाटेत सांडेल, सांडू द्या. घरोबा पुढे चालवायचा तर ती वाट मुलांच्या पायाखालची व्हायला हवी.

– तुमच्या बाई