सवलतीचे तिकीट पाण्याकाठी संपते

महाराष्ट्रात पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एसटीचे तिकीट पडत नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून 'अमृत ज्येष्ठ नागरिक' योजनेखाली ही सोय सुरू आहे. ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना अर्धे तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धे तिकीट. तळोदा तालुक्यातल्या एखाद्या पुनर्वसन वसाहतीतून धाकट्या मुलाचा निरोप घेऊन निघालेले आजा-आजी या सवलतीवर सातपुड्याचे घाट चढून मोलगी किंवा धडगावपर्यंत येतात. तिथून पुढे जीप. जीप थांबते तिथून पायउतार. आणि मग पाणी.

पाण्याच्या पलीकडे, कुठल्या तरी टेकडीवर, त्यांचे मूळ घर आहे. तिथे थोरला मुलगा आहे, गुरे आहेत, आंब्याची झाडे आहेत. बोट मिळाली तर दिवेलागणीच्या आत घर, नाही मिळाली तर काठावर ओळखीच्या पाड्यात मुक्काम. बोटीत पाय ठेवला की सवलत संपते आणि वेळापत्रकही संपते. ज्या राज्याने या म्हाताऱ्यांना रस्त्यावर फुकट प्रवास दिला, त्याच राज्याने त्यांच्या दारात पाणी आणून सोडले आहे. त्या पाण्यावर मात्र ज्याने त्याने आपापले बघायचे आहे.

हे बदलले पाहिजे. नर्मदेच्या फुगवट्यावर एसटीसारखी नियमित, नोंदणी असलेली, सवलतीच्या दराची सार्वजनिक बोटसेवा सुरू झाली पाहिजे. त्यात उपकाराचा प्रश्न नाही. ते जुने देणे आहे.

देणे कसे, ते थोडे मागे जाऊन पाहावे लागते. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावे आली. अक्कलकुवा तालुक्यातली ९ आणि अक्राणीतली, म्हणजे धडगाव भागातली, २४. मणिबेली हे धरणाच्या सगळ्यांत जवळचे गाव, १९९३ मध्ये पहिले पाणी तिथे शिरले. त्यानंतर चिमलखेडी, धनखेडी, डोमखेडी, निमगव्हाण ही नावे पावसाळ्यागणिक वर्तमानपत्रांत येत राहिली. धरणाची भिंत १३८.६८ मीटरपर्यंत गेली. १७ सप्टेंबर २०१७ रोजी प्रकल्पाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. जिथे नदी होती तिथे तलाव झाला. जिथे डोंगरउतारावर पाडे होते, त्यांतल्या कित्येकांचे टापू झाले.

कुटुंबे फुटली ती या काळात. नर्मदा पाणी तंटा लवादाचा १९७९ चा निवाडा पुनर्वसनाच्या बाबतीत त्या काळाच्या मानाने चांगला होता. जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, आणि सज्ञान मुलगा म्हणजे वेगळे कुटुंब. प्रत्यक्षात एकाच चुलीवर जेवणाऱ्या घरातला एक भाऊ 'घोषित' प्रकल्पग्रस्त ठरला आणि दुसरा 'अघोषित' राहिला. एकाला सोमावल, रेवानगर, नर्मदानगर, वडछील अशा वसाहतींमध्ये जमीन मिळाली, दुसऱ्याची डोंगरावरची वरची शेती बुडाली नाही म्हणून तो तिथेच राहिला. मणिबेलीची काही कुटुंबे त्याच्याही आधी गुजरातेत परवेट्याला गेली. म्हाताऱ्या आईवडिलांनी कुठे राहायचे, हा प्रश्न कोणत्याही सर्वेक्षणाच्या रकान्यात नव्हता. त्यांनी त्याचे उत्तर स्वतःच शोधले. थोडे दिवस इकडे, थोडे दिवस तिकडे.

त्यात नदीपलीकडची सोयरीकही आहे. डोमखेडीच्या समोर मध्य प्रदेशातले जलसिंधी. धरणाआधी नर्मदा उन्हाळ्यात इतकी उतरायची की ठिकठिकाणी माणसे चालत पलीकडे जायची. भिल्ल आणि पावरा समाजाच्या लेकी दोन्ही काठांवर दिलेल्या आहेत, आणि राज्याची हद्द नदीच्या मधोमध आहे हे नात्यांना कधी जाणवलेच नव्हते. आता मुलीच्या घरी जायचे तर बारा महिने बोट.

होळीच्या आठवड्यात ही ये-जा पाहण्यासारखी असते. भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठी गावची राजवाडी होळी पेटते, आणि वसाहतीत गेलेली मुले-नातवंडे मूळ गावाकडे निघतात. म्हातारी माणसे त्याच्या आधीच येऊन बसलेली असतात. येताना वसाहतीतून गहू, औषधाच्या गोळ्या, नातवाचे जुने कपडे. जाताना आमचूर, मोहाची फुले, भगर, कधी पाय बांधलेली कोंबडी. डोंगर आणि सपाटी यांच्यातला हा व्यवहार या म्हाताऱ्या जोडप्यांनी चालू ठेवला आहे. त्यांची हाडे थकली की तो थांबेल आणि भाऊ भावाला लग्न-मयतापुरताच भेटेल.

आता बोटीत चढण्याची गोष्ट. शहरातल्या वाचकाला ती किरकोळ वाटेल, पण सगळी अडचण तिथेच आहे. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, तर किमान वापर पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे पाणी २८ मीटर, नऊ मजली इमारतीएवढे, खालीवर होऊ शकते. दरवर्षी ते इतके उतरतेच असे नाही, पण पावसाळ्याच्या शेवटी जिथे बोट लागते ती जागा उन्हाळ्यात डोक्यावर कुठे तरी उंच राहते. मधल्या उतारावर गाळ बसलेला असतो. वरून तो वाळून भेगाळलेला दिसतो, पाय पडला की आत ओला निघतो. सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या तर वर्षातले काही आठवडेच उपयोगी पडणार. त्यामुळे बोटीच्या नाळेवरून चिखलावर एक फळी टाकतात. बोटवाला एका हाताने बोट धरतो, दुसऱ्या हाताने आजीचा हात. लाटेने बोट हलते, फळी सरकते. सत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी हा एवढा तोल सांभाळायचा, आणि डोक्यावरचे गाठोडे भिजू द्यायचे नाही. पाणी आणखी उतरले की बुडालेल्या झाडांची खोडे वर डोकावू लागतात. तीही बोटवाल्यालाच चुकवायची.

बोटवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तेही बुडितातलेच लोक आहेत, आणि त्यांच्याच जिवावर काठ चालला आहे. पण खासगी बोटीला जितकी माणसे बसतील तितकी हवी असतात, आणि सणाच्या दिवशी नाही म्हणणे कोणालाच जमत नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकर संक्रांतीला, धडगाव तालुक्यात भुषा येथे नर्मदेवर पूजेसाठी आलेल्या लोकांची बोट उलटली. मेलेल्यांत लहान मुले होती. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात, कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळात सापडली आणि सहा जण बुडाले. दोन्ही ठिकाणी धरणाच्या पाण्याने रस्ता खाल्ला होता आणि त्याच्या बदल्यात पक्की व्यवस्था उभी राहिली नव्हती. दर अपघातानंतर चौकशी होते, बोटी काही दिवस बंद राहतात, मग लोकांना घरी तर जायचे असतेच.

म्हातारपणी पाण्यावर राहणे वा फिरणे ही गोष्ट मुळात धोक्याची आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. इंग्लंडमध्ये निवृत्तीनंतर घर विकून अरुंद कालवाबोटीवर राहायला जाणारी जोडपी आहेत. महिनोन्महिने कालव्यांतून संथ फिरायचे, मुलाचे गाव आले की काठाला बोट बांधायची, नातवंडांत चार दिवस काढायचे आणि पुढे निघायचे. टिमोथी वेस्ट आणि प्रुनेला स्केल्स या ज्येष्ठ कलाकार दांपत्याने २०१४ पासून दूरचित्रवाणीवर असा कालवाप्रवास दाखवला. प्रुनेला यांना स्मृतिभ्रंश जडला होता, तरी वर्षानुवर्षे दोघांनी बोट सोडली नाही. केरळच्या बॅकवॉटरमध्येही ते येऊन गेले. दोघेही आता हयात नाहीत. त्यांच्या निवांतपणाचे कौतुक करताना त्यामागची व्यवस्था विसरू नये. तिथे सुमारे ३२०० किलोमीटरचे जलमार्ग एक विश्वस्त संस्था सांभाळते. बोट बांधायच्या जागा ठरलेल्या, बोटीची तपासणी सक्तीची, आणि कायमची जागा न घेता फिरत राहणाऱ्या बोटीला एका ठिकाणी सर्वसाधारणपणे १४ दिवसच थांबता येते असा नियम. म्हातारी माणसे पाण्यावर निर्धास्त राहतात, कारण काठाची जबाबदारी कोणी तरी घेतलेली आहे.

इतक्या दूरही जायला नको. केरळमध्ये राज्य सरकारचे स्वतंत्र जलवाहतूक खाते आहे आणि बोटीचे तिकीट बसच्या तिकिटासारखे काढतात. २०१७ मध्ये वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर त्या खात्याने 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौरबोट सुरू केली. एप्रिल २०२३ मध्ये कोची वॉटर मेट्रो आली. तिचे धक्के तरंगते आहेत. पाण्याबरोबर धक्का वरखाली होतो, त्यामुळे बोट आणि धक्का एका पातळीत राहतात आणि चाकाची खुर्चीही सरळ आत जाते. भरती-ओहोटी आणि २८ मीटर यांत फरक मोठा आहे, हे खरे. नर्मदेवर लांब सरकता पूल आणि उतारावर टप्प्याटप्प्याने हलवता येईल असा धक्का लागेल. धरण बांधणाऱ्या देशाला तेवढे अवघड नसावे. महाराष्ट्रातही कोयनेच्या शिवसागर जलाशयात तापोळा, बामणोली भागातल्या लोकांसाठी सातारा जिल्हा परिषदेने लाँच आणि तराफे चालवलेले आहेत. म्हणजे आपल्याच राज्यात वाट पाडलेली आहे.

नंदुरबारमध्ये काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आरोग्य विभागाची बोट ॲम्ब्युलन्स आहे, आणि करोनाकाळात लस घेऊन ती काठावरच्या पाड्यांपर्यंत गेली. २०२० मध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी कार्यकर्त्या रेलू वसावे यांचे नाव देशभर झाले. करोनाच्या भीतीने आया आणि गरोदर बायका अंगणवाडीत येईनात, तेव्हा त्या मच्छीमाराची होडी मागून घेऊन स्वतः वल्हवत पाड्यांवर जाऊ लागल्या. तान्ह्या मुलांची वजने घ्यायची, आहार पोचवायचा आणि परतायचे. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे होते आणि झालेही. परंतु एका बाईने उसनी होडी हाताने वल्हवली तेव्हा सरकारी आहार पोचला, ही गोष्ट व्यवस्थेनेही तितकीच मनावर घ्यायला हवी होती.

प्रशासनातून यावर ठरलेले उत्तर येते, 'आधी रस्ते करू.' रस्ते हवेतच. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन चालत निघालेल्या पतीची बातमी जिल्हा विसरलेला नाही. पत्नी दवाखान्यापर्यंत जिवंत पोचली नाही. पण दरडी कोसळणाऱ्या डोंगरात टापूंपर्यंत बारमाही रस्ता व्हायला किती पावसाळे लागतील? आणि तो झाला तरी पलीकडच्या काठावर दिलेल्या लेकीकडे रस्ता जाणार नाही. दुसरे उत्तर प्रवासी कमी असल्याचे. एसटीच्या कितीतरी फेऱ्या तोट्यात चालतात आणि कोणी त्या बंद करा म्हणत नाही, कारण गाव तुटता कामा नये हे आपण मान्य केले आहे. डोंगराला लागू होते ते पाण्यालाही लागू व्हावे.

कायद्याची आडकाठी नाही. २०१६ च्या कायद्याने नर्मदेचा गुजरात-महाराष्ट्रातला भाग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ झाला आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात बोटीची नोंदणी, तपासणी, विमा, जीवरक्षक साधने हे सारे आहे. धरणाखाली, एकता पुतळ्याशेजारी, पर्यटकांची क्रूझ फिरते. वरच्या बाजूला मध्य प्रदेशातून पुतळ्यापर्यंत क्रूझ नेण्याच्या योजना काही वर्षे चर्चेत आहेत. ती आली तर पुण्या-मुंबईची, इंदूरची निवृत्त जोडपी डेकवर बसून सातपुडा पाहतील. त्यांनी जरूर पाहावा, तो पाहण्यासारखाच आहे. पण पर्यटकांसाठी धक्का बांधायला पैसा निघत असेल तर तो धक्का पाड्याखाली बांधावा आणि त्याला पहिली बोट पाड्यातल्या माणसांची लागावी.

काठावरच्या या म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन म्हणून मिळते ते श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये, तेही ज्यांचे कागद पुरे झाले त्यांना. ते काढायला बँकेत जायचे म्हणजे पुन्हा बोट. पैसे आणायला जाण्यातच त्यातले काही खर्च होतात. एसटीत फुकट बसणाऱ्या माणसाला इथे पैसे का पडावेत, याचे उत्तर मुंबईत कोणाकडेही नाही, कारण हा प्रश्न तिथे कोणी विचारलेलाच नाही.

मागणी फार मोठी नाही. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी, मोलगी आणि धडगावच्या बाजाराशी जुळणाऱ्या फेऱ्या. निवडक पाच-सहा ठिकाणी तरंगते धक्के. मोठ्यांच्या आणि लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट. आजच्या बोटवाल्यांना आणि काठावरच्या मच्छीमार सहकारी संस्थांना बाजूला न सारता त्यांनाच प्रशिक्षण आणि ठरलेला मोबदला देऊन सेवेत घेणे. आणि एसटीच्या सगळ्या सवलती, जशाच्या तशा. जिल्हा नियोजन समिती, आदिवासी विकास विभाग आणि नर्मदा विकास विभाग यांनी एका टेबलावर बसून हे ठरवायचे म्हटले तर पुढच्या होळीच्या आत पहिला मार्ग सुरू करता येईल. पालकमंत्र्यांनी ती बैठक बोलवावी, आणि बोटीचे वेळापत्रक धडगाव व मोलगीच्या एसटी थांब्यांवर, बसच्या वेळापत्रकाशेजारी, लावावे.