फ्रीजची जागा आणि प्रमादचर्या

वैशाखात करकंबला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पंखासुद्धा माणूस उठून गेला की बंद केला जातो. फ्रीजला मात्र विश्रांती नाही. सोलापूरजवळ फताटेवाडी येथील १३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र कोळशावर चालते. गावातील दिव्यापाठीमागे असा कुठेतरी अग्नी पेटलेला असतो. विनाकारण अग्नी चेतविणे, पाणी सांडणे यांस श्रावकाचारात प्रमादचर्या म्हटले आहे. फ्रीजचा विचार या दृष्टीने क्वचितच होतो.

दार वारंवार उघडू नये, हा उपदेश घरोघरी ऐकू येतो. तो खोटा नाही, पण दाराकडून होणारे नुकसान समजतात त्याहून कमी असते. फ्रीजमध्ये शिरणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग बंद भिंतींतून, रात्रंदिवस झिरपत असतो. आत ५ अंश आणि बाहेर ३० असेल तर फरक २५ अंशांचा. बाहेर ४० झाले की तोच ३५ होतो. म्हणजे आत येणारी उष्णता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. शिवाय तापलेल्या हवेत ती बाहेर टाकताना कॉम्प्रेसरला अधिक श्रम पडतात. पत्र्याच्या स्वयंपाकघरात, शेगडीशेजारी किंवा पश्चिमेच्या तापत्या भिंतीला टेकवून ठेवलेला फ्रीज म्हणूनच अधिक वीज ओढतो. तो घरातील सर्वांत थंड खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. मागे उघडी जाळी असेल तर प्लग काढून तिच्यावरील धूळ झाडावी. यास खर्च काहीच नाही.

दाराच्या रबराची परीक्षा कागदाने होते. कागद दारात धरून ते लावावे. तो सहज ओढून निघाला तर रबर बदलावे. साध्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर बोटाच्या अर्ध्या जाडीचा होण्यापूर्वीच वितळवावा, कारण तो थर थंडाव्याला पांघरुणासारखा अडवितो. सुरीने खरवडण्याचा मोह मात्र आवरावा. नळी फुटली तर फ्रीजच जातो.

उकळलेले पाणी गरम असतानाच आत ठेवण्याची घाई अनेक घरांत होते. त्याची वाफ पुढे बर्फ होऊन बसते. सोलापूरच्या कोरड्या हवेत ते आधी बाहेरच निवू द्यावे. साठवणीच्या पाण्यासाठी माठ उत्तम काम करतो.

नवा फ्रीज घेताना ताऱ्यांपेक्षा लेबलावरील वार्षिक युनिटांचा आकडा पाहावा. मोठ्या पाच तारांकित फ्रीजला लहान तीन तारांकितापेक्षा अधिक वीज लागू शकते. आणि मोठा हवा तरी कशासाठी? दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा उन्हाळ्यात पाच दिवस, पावसाळ्यात तीन; फ्रीजमध्ये ठेवल्याने ती वाढत नाही. मर्यादा पाळणाऱ्या घरात कालची भाजी नसते. चातुर्मासात पालेभाज्याही वर्ज्य होतात, आणि तीन-चार माणसांच्या कुटुंबाला दूध, ताक व थोड्या फळांपुरता लहान फ्रीज सहज पुरतो.